हळद लागली

"तोंडाला कशाला आत्या? पाय झाले, हात झाले, पुरे ना. आणि आज तर—"

"बोलू नको. तोंडात जाईन."

शेवंताबाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि सारिकाच्या दुसऱ्या गालावरही हळद फिरवली. रोज मुक्या मारावर लावायला त्या हळदीत चुना कालवत, मग त्याचा लालभडक लेप व्हायचा. आज नुसती हळद आणि तेल. पिवळीधमक.

असोद्याच्या कबड्डी संघात सारिका डाव्या कोपऱ्यावर खेळते. चढाई करायला आलेलीचा घोटा धरायचा आणि वरून चौघी पडेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच काम. सरावात रोज तीस वेळा. त्यामुळे तिच्या अंगावरचे डाग केळीच्या घडासारखे पिकत. आधी काळेनिळे, मग हिरवे, मग पिवळे. पिवळा जायच्या आत शेजारी नवा हजर. पहिल्या वर्षी ती रडायची. आता बोटांची पेरं अशी जाड झाली होती की आईच्या बांगड्या पंजावरच अडायच्या. लीलाधर सर म्हणत, "मऊ अंगाला मार लागतो. मार खाल्लेल्या अंगाला नुसता धक्का लागतो." सरांचं स्वतःचं पोट फार मऊ होतं, ते सोडा.

रविवारी धुळ्याला निवड चाचणी होती. आणि रविवारीच, मुलगी पसंत पडली तर, साखरपुडा. आज मुलाला घेऊन मुलगी बघायला येणाऱ्या रावेरच्या सुंदरबाईंनी फोनवर सांगूनच ठेवलं होतं, "आमच्याकडे सुना खेळत नाहीत." सारिकाचे वडील, झुलालभाऊ, लगेच हो म्हणाले होते. सारिकाला कोणी विचारलं नव्हतं. हो म्हणायला तिची गरज नव्हती.

झुलालभाऊ पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले आणि पाहुणे स्वतःच्या गाडीने दारात उतरले.

सुंदरबाई उंबऱ्यातच थांबल्या. समोर मुलगी, कपाळापासून टाचेपर्यंत पिवळी. मागे त्यांचा प्रेमराज, पेढ्यांचा पुडा छातीशी धरून.

"हे काय व बाई? हळद लागली का हिले?"

शेवंताबाई म्हणजे गुरुवार, प्रदोष, एकादशी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाणी नाही. आणि सोळा वर्षांपासूनचा नेम, खोटं बोलायचं नाही. या नेमाने घरातल्यांची फार गैरसोय व्हायची. पार रावेरपर्यंत त्याची कीर्ती होती.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. हळूच म्हणाल्या, "व्हय. लागली."

"मंग आम्हाले कशाले बोलावलं?"

"ते झुलालले विचारा. मी नव्हतं बोलावलं."

"आई, पेढे?" प्रेमराजने विचारलं.

"गाडीत बस," सुंदरबाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने झुलालभाऊ घामाघूम होऊन आले. "अक्का! फोनवर त्या बाईच्या शिव्या खाल्ल्या मी. पोरीची हळद झाली म्हणे! तू खोटं बोलली? तू?"

"लागली नव्हती का? पाह्य पोरीकडे."

झुलालभाऊंनी पाहिलं. पिवळी पोर पाहुण्यांच्या पोह्यांची तिसरी ताटली संपवत होती. सोळा वर्षांच्या नेमाशी भांडणार कोण?

"तुम्हा दोघींपुढे माझं कधी चाललंय?" ते म्हणाले. "रविवारी आता मी रिकामाच. धुळ्याची बस किती वाजता हाये?"

"सहाले," शेवंताबाईंनी प्रश्न संपायच्या आत सांगितलं.

ते पाय धुवायला मागे गेले. सारिकाने ताटली खाली ठेवली.

"आत्या, चाचणीआधी अंगाला आराम मिळावा म्हणून सरांनी तीन दिवस सराव बंद ठेवलाय. मला कुठे काही लागलंच नव्हतं. आणि हळदीत आज चुना पण नव्हता."

शेवंताबाईंनी जपमाळ हातात घेतली आणि डोळे मिटले.

"हळद तुले लावली," त्या म्हणाल्या. "चुना त्याइले."