एका दाढीत तुरटी

"माझी एक दाढी उरकायच्या आत तुमच्या पोरांनी त्या जाड्या पुस्तकांतनं तुरटीची माहिती हुडकून दावली," पुंजाराम वस्तरा नाचवत म्हणाला, "तर बाई, ही मिशी भर बाजारात उतरवतो. न्हाई सापडली, तर सगळे खंड माझ्या सलूनात. खुर्चीवर रचतो. बारकी गिऱ्हाइकं उंच बसत्याल."

जामखेडच्या अलीकडच्या त्या गावात पुंजारामचं सलून आणि मरियाबाईंचा शिकवणीचा ओटा समोरासमोर. मध्ये रस्ता, आणि आज रस्त्यावर बाजार. बंद पडलेल्या वाचनालयातले ज्ञानकोशाचे खंड रद्दीत जायच्या आधी बाईंनी टेम्पोत घालून आणले होते. आता पोरांना त्यातून शोधायला शिकवायचं होतं.

"ठरलं," बाई म्हणाल्या.

"आन् तुमी बोलायचं न्हाई. मोबाईल बी इकडं द्या."

बाईंनी मोबाईल दिला आणि तोंडावर पदर धरला. पुंजारामनं खुर्चीत बसलेल्या गहिनीनाथच्या गालाला साबण फासला.

ओट्यावर पोरांतल्या हर्षलनं पहिला खंड पहिल्या पानापासून उलटायला घेतला. बाईंचे डोळे मोठे झाले. पण शेजारच्या एंजलनंच तो खंड मिटला.

"आसं दिवाळीपोत्तर बसशील. त चा काढ. पानाच्या डोक्यावरचा शब्द बघत पळायचं."

तलाव गेला, तांदूळ गेला, तीळ गेले.

"तुरटी!" एंजल किंचाळली. पुंजारामचा हात थबकला. मग तिचाच चेहरा पडला. तिथं एवढंच छापलेलं: 'तुरटी – पहा: पाणी शुद्धीकरण.'

"घ्या! ह्ये बुक बी कचेरीवानीच. या टेबलावरनं त्या टेबलावर!" पुंजाराम म्हणाला. सगळा बाजार हसला.

"आपुन तुरटी इचारली, ह्ये पानी दावतंय. चुकून छापलंय," हर्षलनं खंड ढकलून दिला. बाईंनी पदर दातात धरला. समोर खुर्चीत एक गाल साफ झाला होता.

गहिनीनाथला ती मिशी उतरलेली बघायची फार वर्षांची हौस. त्याला अचानक शिंका यायला लागल्या.

एंजल त्या एका ओळीकडं बघत बसली.

"आमची आजी टँकरच्या पान्यात तुरटी फिरवती," ती सावकाश म्हणाली. "मग गाळ खाली बसतो." आणि एकदम उठली. "आरं, चुकलेलं न्हाई! प काढ, प!"

वस्तरा हनुवटीवर आला होता. "हलू नकू रं!"

"शिंक काय माझं ऐकती व्हय?" गहिनीनाथ म्हणाला आणि शिंकला.

पपई. पाऊस. पाणी.

"सापडली!" बोट ठेवून एंजलनं मोठ्यानं वाचलं. "तुरटी हा ॲल्युमिनियमचा क्षार आहे. तिच्यामुळे गढूळ पाण्यातले बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात."

अर्ध्या हनुवटीवर साबण तसाच ठेवून गहिनीनाथनं मान वळवली. "ॲल्युमिनियम? म्हंजी इतकी वर्सं तू माझ्या गालाला पातेलं चोळतो?"

बाजार नुसता खदखदला. बाईंनी पदर सोडला आणि मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला.

गहिनीनाथला उठवून पुंजारामनं स्वतःच खुर्ची उचलली आणि रस्त्याच्या मधोमध, मेथीवाल्या राहीबाईच्या शेजारी मांडली. मिशीला साबण, एका हातात आरसा, एका हातात वस्तरा. डावी बाजू गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. उजवीला वस्तरा लावला आणि तो थांबला.

"काय रं, पैज मोडतो का काय?" राहीबाईनं विचारलं.

"मोडतो कशाला? एक इचारायचंय." त्यानं ओट्याकडं पाहिलं. "ए एंजल, मिशी परत यायला किती दिस लागत्यात गं?"

"हर्षल, तू म बघ," एंजल म्हणाली. "मी केस बघते."

"थांबा, मी बी येतो."

आणि तोंडाला साबण, नाकाखाली अर्धी मिशी, अशा थाटात पुंजाराम मेथीच्या जुड्या ओलांडत ओट्याकडं निघाला.