हेही पाहा

संगणकाचा पडदा लालभडक झाला आणि हेमलता बागवेंचा चहाचा कप ओठांशीच थांबला. तब्बल चारशे बारा चुका!

एका संगणकप्रणालीच्या ऑनलाइन माहितीकोशाची चार हजार पानं त्या सांभाळायच्या. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हेही पाहा' म्हणून दुसऱ्या पानांची नावं असत आणि शंका कुणाला विचारायच्या, त्या माणसाचंही नाव असे. रोज सकाळी बाईंनी लिहिलेला प्रोग्रॅम ही सगळी नावं पडताळायचा. पान गायब झालेलं असो, की माणूस कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीतून गेलेला, ती ओळ लाल व्हायची. एकोणीस वर्षांत बाईंनी एकही लाल ओळ दुपारपर्यंत राहू दिली नव्हती.

"कुठलं पान उडवलं मेल्यांनी?" असं पुटपुटत त्यांनी पहिली ओळ वाचली. 'हेमलता बागवे : कंपनीच्या यादीत नाही.' दुसरीही तीच. शेवटचीही तीच.

चहा गार झाला. बाईंनी सगळ्या चुका दुरुस्त केल्या. तशाच ठेवून उठणं त्यांना जमलंच नसतं.

अकरा वाजता विभागप्रमुख टेबलाशी येऊन घुटमळले. "मॅडम, जरा बोलायचं होतं. कसं सांगू..."

"तुमच्याआधी यादीनं सांगितलं," पर्स उचलत त्या म्हणाल्या. "माझ्या जागी सगळीकडे तुमचं नाव घातलंय. उद्यापासून लोक तुम्हालाच विचारतील."

"अहो, मला त्यातलं काय कळतंय? मी एक पानसुद्धा कधी उघडलेलं नाही!"

"पण यादीत नाव आहे ना तुमचं? प्रोग्रॅमला तेवढं पुरतं."