चूक कोणती होती?

"आता काय, फुगे फुगवायचे?" मेडिसिनच्या विभागप्रमुखांनी मोठ्यानं विचारलं. मागच्या रांगेत दोघं-तिघं खुसखुसले.

त्यांच्यासमोर एक पिवळी चिठ्ठी ठेवली होती. 'ज्यांनी तुम्हाला सर्वांत जास्त शिकवलं, त्यांचा एक प्रसंग लिहा.' वैद्यकीय शिक्षकांनी शिकवावं कसं, याची तीन दिवसांची कार्यशाळा. हजेरी सक्तीची. बत्तीस वर्षं डॉक्टर घडवणाऱ्या माणसाला आता शिकवणार कोण, तर शरीरक्रियाशास्त्राची एक बाई! पंधरा वर्षांत बेडकाखेरीज कुणाच्या छातीला हिचा हात लागला नसेल. आणि सकाळपासून एकच दळण, शिकणाऱ्याला सुरक्षित वाटलं पाहिजे. वॉर्ड म्हणजे काय पाळणाघर आहे?

विद्यार्थी त्यांना तोफखाना म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ते वॉर्डात शिरले की पोरं एकमेकांच्या पाठीमागं सरकत. वीस जणांत एकालाही शंका नसे. याला ते शिस्त म्हणत.

"सर, तुमचा प्रसंग?" बाईंनी विचारलं.

ते चिठ्ठी चुरगाळून उभे राहिले. "लिहायला मी कारकून नाही, तोंडीच ऐका. मी नुकता वॉर्डात लागलो होतो. मोठ्या सरांचा राउंड. चाळीस खाटा, सगळे टकामका बघताहेत. माझं काहीतरी चुकलं. सरांनी हातातली पत्र्याची फाईल अशी भिरकावली, की इथं तीन टाके पडले." त्यांनी भुवईवर बोट ठेवलं. "वर म्हणाले, गाढवा, तुझ्यापेक्षा झाडूवाला बरा डॉक्टर होईल. महिनाभर मला ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं. त्या दिवशी मी जे शिकलो ना बाई, ते तुमच्या शंभर चिठ्ठ्यांतून यायचं नाही!"

हशा पिकला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. बाई हसल्या नाहीत.

"चूक कोणती होती, सर?"

"म्हणजे?"

"ज्यासाठी फाईल फेकली, ती चूक."

त्यांनी तोंड उघडलं. फरशीवर पडलेले रक्ताचे ठिपके आठवत होते. हसू दाबणारी नर्स आठवत होती. पाठ धरून कण्हणारा खाटेवरचा दाढीवाला, आपले तापलेले कान, सगळं काल घडल्यासारखं. चूक तेवढी आठवेना.

"ती काय आता..." तीस डोकी त्यांच्याकडं वळली होती. या बाईपुढं मान खाली घालायची? त्यांनी फोन काढला. "थांबा. त्यांनाच विचारू. तुमचीही हौस फिटेल."

मोठे सर आता पंच्याऐंशीचे होते, पण आवाज अजून खणखणीत. विभागप्रमुखांनी स्पीकर लावून फोन उंच धरला.

"सर, इथं एक बाई माझी उलटतपासणी घेताहेत. सांगा बरं सगळ्यांना, त्या दिवशी मला फाईल का मारली होतीत?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"दाढीवाला पेशंट होता. पाठीत कळ. मी म्हणालो, लचक आहे, मलम चोळा. तू मध्येच म्हणालास, सर, दोन्ही मनगटांत नाडी सारखी लागत नाही."

"आणि मग?"

"मग काय, फेकली फाईल. तिसऱ्या दिवशी पेशंट गेला. छातीतली मुख्य रक्तवाहिनी फाटली होती. पोस्टमॉर्टेमला मी स्वतः उभा होतो. तू तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत होतास."

विभागप्रमुखांचा अंगठा फोनच्या काचेवर स्पीकरचं बटण शोधत होता. ते सापडेना.

"बरोबर तूच होतास रे," मोठे सर म्हणाले. "पण तसं सांगायला मला तोंड नव्हतं. म्हटलं, पुन्हा कधी टोकेल पोरगा, तेव्हा ऐकून घेऊ. वर्षभर वाट पाहिली. पण त्यानंतर तू 'हो सर'च्या पुढं कधी गेलाच नाहीस."