जैतुनबीचा उजवा पाय

"डोकं झाकलं, पाय धुतले. आता जाऊ आत?" दगडाबाईनं विचारलं.

"जा की," जैतुनबी म्हणाली. "अन् मनात येईल ते इचार. आज त्याच्यासाठीच बोलावलंय समद्यांना."

छावणीतल्या त्या मशिदीच्या फाटकावर मराठीत कापडी फलक लावला होता : मस्जिद परिचय, सर्व शेजाऱ्यांचं स्वागत. रविवारची सकाळ होती. पंचवीसेक माणसं आली होती, त्यांत बायकाही होत्या. दगडाबाईचं घर मशिदीच्या मागच्याच गल्लीत. चाळीस वर्षं झाली, पण या फाटकातून ती आज पहिल्यांदाच आली होती.

आत जाऊन तिनं चारी भिंती न्याहाळल्या. ना मूर्ती, ना तसबीर. नुसता हिरवा गालिचा आणि वर पंखे.

"मग तोंड कुणाकडं करता, बाबा?" तिनं इमामाला विचारलं. गयास त्याचं नाव. तिशीतला, हसऱ्या तोंडाचा.

"मक्केतल्या काब्याकडं, आजी. आपल्याला ते पश्चिमेला. जो आधी येईल तो पुढच्या रांगेत. साहेब असो का हमाल, खांद्याला खांदा लावून."

"अन् रोज पहाटं भोंग्यावर काय सांगता? चाळीस वर्षं ऐकतेय, एक शबुद कळंना."

"देव सगळ्यात मोठा. नमाजला या, कल्याणाकडं या. अन् पहाटेला एक ओळ जास्तीची : झोपेपेक्षा नमाज भली."

दगडाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! माझी सासू बी हेच सांगायची, पर शिव्या देऊन!"

मशीदभर हसू फुटलं. कमिटीचे अध्यक्ष नूरमोहम्मद खजूर वाटत होते. त्यांनी हसत हसत तिच्या हातावर दोन जास्तीचे ठेवले.

एक जैतुनबीला द्यावा म्हणून दगडाबाई वळली, तर ती शेजारी नव्हतीच. बाहेर अंगणात खांबाला टेकून उभी होती.

"ये की गं आत!"

"तू बघ. मी हितंच बरी."

"का म्हणून?"

"मी आत कधी आलेच नाय."

दगडाबाईला आधी ती थट्टाच वाटली. पाच वेळा नमाज पढणारी, गल्लीतल्या लेकरांना आपल्या ओसरीवर कुरआन शिकवणारी ही बाई. सत्तरी आली तिची. तिनंच तर आपल्याला इथवर ओढत आणलं!

दगडाबाई गयासकडं वळली. "हिला मनाई हाय व्हय, बाबा?"

नूरमोहम्मद खाकरले. "मनाई असं नाय, मावशी. आपल्याकडं तशी रीत नाय. बाया घरीच पढतात."

"मी रीत कुठं इचारली? धरमात काय हाय, ते इचारलं."

हसू विरलं होतं. गयास दगडाबाईच्या समोर आला. मग म्हणाला, "मनाई नाही, आजी. पैगंबरसाहेबांच्या मशिदीत बायका नमाजला येत होत्या. त्यांना अडवू नका, असं ते सांगून गेलेत."

"मग हिला कुणी सांगितलं नाय?"

"मला ठाऊक हाय," जैतुनबी बाहेरूनच म्हणाली. "या गयासला अलिफ-बे, पहिली अक्षरं, मीच शिकवली. ठाऊक हाय, पर पाय उचलत नाय."

गयासचे कान लाल झाले. "खाला, सहा वर्षं मी इथं इमाम आहे. तुम्हाला बोलवायचं काम माझं होतं." तो दारापाशी गेला आणि वाट सोडून उभा राहिला.

आता सगळे नूरमोहम्मदांकडं बघू लागले.

"कमिटीत इचारावं लागंल," ते म्हणाले. जैतुनबीकडं बघितलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. "पर कमिटीतल्या निम्म्यांनी तुमच्याच छड्या खाल्ल्यात, खाला. या."

जैतुनबीनं ओढणी सारखी केली. बिस्मिल्ला म्हणून उजवा पाय आत ठेवला. मग डावा. गालिच्यावर येताच तिनं दगडाबाईचं मनगट घट्ट धरलं. ते तिनं सोडलं कोपऱ्यात गेल्यावर, नमाजाला उभं राहताना.

दगडाबाई तिच्या डाव्या हाताला मांडी घालून बसली. जैतुनबी वाकली, टेकली, पुन्हा उठली. शेवटी तिनं उजवीकडं मान वळवून सलाम केला, मग डावीकडं. आपल्यालाच केला असं वाटून दगडाबाईनं गडबडीनं हात जोडले.

जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "काय मागितलंस गं?"

जैतुनबीनं डोळे पुसले आणि खुदकन हसली.

"अगं, मागायचंच इसरले. उद्या परत यावं लागंल."