माउलीच्या डोळ्यांतलं तेल

मरियामाउलीच्या मूर्तीला अश्रू फुटले आणि ओस पडलेल्या चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा उरेना. पहाटे मूर्तीच्या डोळ्यांना गुपचूप तेल लावणारा राखणदार मनातून खूश होता. फादरनी त्याला तेलकट बोटं पुसतानाच पकडलं.

"पण फादर, माणसं देवाकडे वळली ना!"

"'सत्य मीच' म्हणणाऱ्या येशूकडे थापा मारून माणसं आणायची, बाबा?"

राखणदाराने भर चर्चमध्ये कबुली दिली. पुढच्या रविवारी बाकं पुन्हा रिकामी. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

इतक्यात एक अनोळखी बाई आत येऊन बसली.

"बाई, इथे आता चमत्कार होत नाहीत," तो ओशाळून म्हणाला.

"कळलं, म्हणूनच आले. इथे खरं बोलतात म्हणे."