ओव्हरड्राइव्ह आणि आमसूल

इंजिनाच्या लाँची आल्या आणि बाबांचा शिडाचा मचवा कायमचा किनाऱ्याला लागला. माझ्या जुन्या विलायती मोटारीतही ते बसेनात. “इंजिनाची बोंब माका नको.” ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बटणाने पडणारा वरचा जादा गिअर, लागला की बोंब थांबते, वेग मात्र तसाच, हे त्यांना दाखवणार कसं? तो लागतच नव्हता. तेल बदललं, बटण बदललं, व्यर्थ. शेवटी गाडीखाली शिरलो, तर ओव्हरड्राइव्हच्या तारेचं तांब्याचं टोक खाऱ्या वाऱ्याने हिरवं पडलेलं. बायकोने आमसूल दिलं. “देवाची भांडी ह्यानीच घासतंय.” टोक लखलखलं. धामापूरच्या देवीला जायचं म्हणून बाबा कसेबसे बसले, कानांत बोटं घालून. सड्याच्या उघड्या कातळमाळावर, सरळ रस्त्याला मी बटण दाबलं. खट्! बोंब विरली, गाडी धावतच राहिली. बाबांनी बोटं काढली, हात खिडकीबाहेर धरला. देवळाच्या फाट्यापाशी मी ब्रेक दाबू लागलो. “थांबव नको,” ते कुजबुजले, “शीड भरलां.”