वहीतला राग

दुसऱ्याची वही वाचू नये, हे काय रघूला कळत नव्हतं? पण आपलं नाव दिसलं की नजर जातेच. मृणाली मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या आणि वही टेबलावर उघडी होती. ‘रघू. पहिला गुरुवार : राग. दुसरा : राग, खूप. तिसरा : राग, जरा कमी. आज : शांत.’

रघूला वाईट वाटलं. अख्ख्या गावात त्याचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. चार महिन्यांपूर्वी दिघीच्या रस्त्यावर त्याच्या डंपरखाली एक सायकलवाला म्हातारा गेला. तेव्हापासून तो स्टिअरिंगला शिवला नव्हता. घास घशाखाली उतरत नव्हता. एकदा तर कोकिळाने, त्याच्या बायकोने, विहिरीच्या काठावरून त्याला हाताला धरून मागे आणलं होतं. पोलीस, मालक, कोकिळा, सगळ्यांचं एकच, म्हातारा मध्येच आला, त्याला तू काय करणार? शेवटी कोकिळानेच त्याला श्रीवर्धनला या समुपदेशक बाईंकडे आणलं. बाई मोठ्या मायाळू. कपाळाला आठी म्हणून नाही.

मॅडम आत आल्या.

“मॅडम, मी कवा रागावलो तुमच्यावर?”

त्यांनी वहीकडे पाहिलं. दुसरी कुणी असती तर वही मिटून काहीतरी थाप मारली असती. या बाई सरळ समोर बसल्या.

“ते तुमचं नाही, रघूदादा. माझं आहे. पेशंट यायच्या आधी माझ्या मनात काय चाललंय ते मी लिहून काढते. नाहीतर ते नकळत समोरच्यावर निघतं.”

“म्हंजी तुमाला माझा राग? तो का?”

“माझे वडील ट्रकखाली गेले. सात वर्षं झाली.”

महिनाभर ही बाई त्याला हसून बसा म्हणत होती, पाणी विचारत होती, त्याचं रडगाणं जीव लावून ऐकत होती, आणि मनात हे एवढं घेऊन! धन्य तिची, असं त्याला वाटलं.

“मग आज शांत का लिवलंय?”

“कारण तुमची चूक नव्हती, हे मला पटलंय. पटायला महिना लागला, एवढंच.”

ज्याचं माणूस असं गेलंय, त्याच्या तोंडून हेच ऐकायला तर तो तडफडत होता. आता नमस्कार करायचा, उठायचं, घरी जायचं. उद्या कदाचित जेवणही गेलं असतं. पण रघूला उठवेना.

“मॅडम,” तो म्हणाला, “म्हातारा मध्ये न्हाय आला. तो त्याच्या कडेनंच चाललेला. माझा डोळा लागला व्हता. ह्ये कोकिळाला पण ठाव न्हाय.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. रघू मान खाली घालून पायाने चपला चाचपू लागला.

“मला आत्ता तुमचा खूप राग आलाय, रघूदादा.” त्यांचा आवाज कापत होता. “पण तुम्ही उठू नका. पहिल्यापासून सांगा.”